मशेरीचा डबा शोधू नको

गोदी, हे आईला मोठ्याने वाचून दाखव.

गोदीच्या आई, मी टोकावड्याला सप्ताहात कीर्तनाला निघालो. मशेरी मी उकिरड्यात ओतली. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून तू ती जास्तच घासायचीस, आणि डॉक्टर म्हणतात, तिच्यानेच हिरड्या बिघडल्या. आता सुटली तर बाकीचे दात वाचतील. वर्षभर भाकरी भिजवून खात होतीस, मला दिसलंच नाय, चुकलं माझं.

चुलीवर पाणी आहे, मीठ टाकून गुळण्या कर. मग रागाव हवं तेवढं.

परवा तुझा हलणारा दात दाखवायचाय. त्याच दिवशी काल्याचं कीर्तन आहे, पण मी थांबत नाय. पहिल्या एस्टीने येतो, दोघं मुरबाडला जाऊ. काल्याचा प्रसाद शेजारचा नामा आणील. दह्यातल्या लाह्या मऊ असतात, तुला चावतील.