एक्स्पायर: एका अकर्मक क्रियापदाचा अभ्यास

भालकी, ४ जानेवारी २००३
अप्पांच्या ऑफिसातले रेवणप्पा शिपाई अचानक गेले. मातीला गेलो होतो. तिथं कळलं की सरकारी नोकरीत असताना बाप गेला तर मुलाला नोकरी मिळते. दहावीला तीनदा आपटलेला त्यांचा लिंगराज आता शिपाई होणार! मी तर बी.ए. इंग्लिश. म्हणजे थेट क्लार्क. आमचे अप्पाही शिपाईच, मेअखेर रिटायर. सहज लिहून ठेवतोय, मनात काही नाही.

९ जानेवारी
माझ्या स्पोकन इंग्लिश क्लासला (विद्यार्थी तीन, फी एकाची) आज 'एक्स्पायर' शिकवलं. मूळ लॅटिन. श्वास बाहेर सोडणे. वापर: औषध, लायसन्स, वडील. क्रियापद अकर्मक, म्हणजे ते आपलं आपण होतं, दुसऱ्याला करता येत नाही. हा नियम पोरांना दोनदा सांगितला.

२ फेब्रुवारी
संकल्प: अप्पांच्या तब्येतीकडे जातीनं लक्ष देणे. सकाळी विचारलं, छातीत कसं वाटायलंय? झकास हाय की, म्हणाले. ऐकून वाईट वाटलं. म्हणजे बरं वाटलं.

२० फेब्रुवारी
सराव म्हणून अर्जाचं पहिलं वाक्य रचलं: माय फादर एक्स्पायर्ड ऑन. पुढं जागा कोरी. व्याकरण चोख आहे, फक्त तारखेचं अडलंय.

१४ मार्च
अप्पांना बीपी निघालं! डॉक्टरांनी मीठ तोडलं, गोळ्या दिल्या. मायनं अळणी भाजी केली. म्हाताऱ्या माणसाच्या जिभेचे हाल मला बघवत नाहीत. लोणच्याची बरणी त्यांच्या ताटाशी सरकवली. आजकाल कोणता मुलगा एवढं करतो? अप्पांनी माझ्याकडे बघत बघत दोन फोडी खाल्ल्या.

७ एप्रिल
तुळजा उदगीरहून माहेरी आली. म्हणाली, दादा, कामून रोज अप्पाच्या छातीचं विचारायलास? मेडिकल इंग्लिशची प्रॅक्टिस, म्हटलं. तिनं बरणी फडताळात ठेवून कुलूप घातलं. बहीण सासरी गेली की परकी होते ती अशी.

२ मे
ऊन रणरणतंय. अप्पा भर दुपारी सायकलवर निघाले. टोपी घाला म्हणणार होतो, पण वडीलधाऱ्यांना शिकवणं बरं दिसत नाही. संध्याकाळी धडधाकट परत आले. येताना माझ्यासाठी कलिंगड आणलं. गोड निघालं. मूड गेला.

१९ मे
लिंगराज रुजू झाला. पेढे घेऊन आला होता. डोकं दुखतंय सांगून पडून राहिलो. एकेकाचं नशीब. अजून काही दिवस आहेत म्हणा, आशा सोडायची नाही.

३१ मे
निरोप समारंभ. अप्पांना शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. भाषणात म्हणाले, पोरं सगळ्यांनाच असतात, पण माझा सुनीलकुमार रोज सकाळी माझ्या छातीचं विचारतो. टाळ्या. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी थँक यू सर म्हटलं. घरी आल्यावर अर्ज फाडला.

१ जून, सकाळी
सवयीनं तोंडातून निघून गेलं, अप्पा, छातीत कसं वाटायलंय? अप्पांनी जवळ बसवून घेतलं. उशीखालून पिशवी काढली. आत बीपीच्या गोळ्या, मार्चपासूनच्या, पाकिटं फोडलेलीसुद्धा नाहीत. म्हणाले, लिंगराजचं मलाबी ठावं हाय की रे. एकबी गोळी खाल्ली न्हाई बघ. लोणचं खाल्लं, उन्हात हिंडलो. तुझ्यापायी लई बघितलं बाबा, पर जमलं न्हाई. रागावू नको.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी एक पाकीट हातात घेतलं आणि मला विचारलं, आता चालू करू का रे?

पाणी आणायला उठायला हवं होतं. उठता आलं नाही. पाणी मायनं आणून दिलं. अप्पा गोळी तळहातावर धरून माझ्याकडेच बघत होते.