उजव्या पाट्याचे चार सूत

मद्रास
दि. ६ नोव्हेंबर १९७८

ती. बबनमामांस,
दिवाकरचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. कारखान्यात सकाळची पाळी आहे, खानावळीचा भात आता अंगवळणी पडला आहे. मामा, एक काम घेऊन लिहितो आहे. ते आईच्या कानावर जाऊ नये, ही पहिलीच विनंती. तुमची बहीण तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक.

मी आणि कारखान्यातल्या एका मित्राने मिळून जुनी फियाट घेतली. १९५८ची आहे, एका डॉक्टरांनी वापरलेली. आईला लिहिले की कामावर जायला घेतली. ते खरे आहे, पण अर्धेच. शहराबाहेर लढाईच्या काळातली विमानांची धावपट्टी पडून आहे. दोन-तीन महिन्यांतून एका रविवारी तिथे हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन जमतात, पिंपे मांडून वळणे आखतात आणि घड्याळ लावून एकेक गाडी पळवतात. रस्त्यावर जो वेडेपणा करू नये तो तिथे करायचा, एवढेच.

इंजिन चांगले आहे, पण वळणावर गाडी कापसाने लादलेल्या बंडीसारखी कलते. पुढच्या स्प्रिंगा आखूड केल्या, शॉकअप नवे घातले. राहिले मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी. ते दीड इंच बसके आणि आहेत त्याहून कडक हवेत. मी उजवीकडे बसतो, म्हणून बॅटरी आणि जास्तीचे चाक मागे डावीकडे नेले आहे. काट्यावर वजन करून पाहिले, दोन्ही बाजू बरोबर आहेत. तेव्हा दोन्ही पाटे अगदी एकसारखे पाहिजेत. इथल्या लोकांना सांगून पाहिले, ते हसतात. जुने पाटे रेल्वेने पाठवतो आहे, ते तुमच्याच भट्टीत घडावेत.

माया आहेच, ती या हट्टानंतरही तशीच राहू द्यावी.

आपला,
दिवाकर


हिंगणघाट
दि. २१ नोव्हेंबर १९७८

चि. दिवाकर यास,
बबनमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र आणि पाटे दोन्ही पोचले. पत्र तीनदा वाचले. एक गोष्ट मात्र कळली नाही. एवढ्या जोरात निघून माणूस शेवटी जिथून निघाला तिथेच येतो, तर निघायचे कशाला? जंगूला विचारले. तू त्याला ओळखतोस, वीस वर्षे माझ्यासमोर घण मारतो आहे. तो म्हणाला की पटात पळवाले बैल नाही राह्यले तर पोट्टे आता मोटारीचा पट खेळून राह्यले, त्यात नवल काय, अन् तुमचा भाचा निदान चाबूक तर मारत नाही.

सध्या जिनिंगचा हंगाम आहे. हैदराबाद रस्त्याने कापसाच्या गाठींचे ट्रक रात्रंदिवस चालतात आणि माझ्या दारात मोडके पाटे येऊन पडतात. प्रत्येकाला चढ, म्हणजे कमानीची उंची, जास्त पाहिजे, म्हणजे दुप्पट माल लादता येतो. पाटा बसका करून मागणारा आयुष्यात तूच पहिला. म्हणून हे काम आवडीने करतो. चढ उतरवतो, एकेक पट्टी जास्तीची घालतो आणि तापल्या लोखंडाला पाणी न पाजता तेल पाजतो, म्हणजे तडा जाणार नाही. सकाळी ऐरणीला फूल वाहिले की पहिले तेच काम हाती घेईन.

अक्काला सांगणार नाही, पण हे मला पटले नाही. आपल्याकडे म्हणतात, शंभर बामण अन् एक भाचा. मामाने भाच्याच्या पाया पडायचे, त्याला नाही म्हणायचे नाही. लहानपणी तू आष्टीच्या घरी पाय पुढे करून बसायचा आणि मी वाकलो की पळून जायचा. त्याचा फायदा तू आजही घेतो आहेस.

जपून राहा. जीव तुझा असला तरी त्याची काळजी आम्ही करतो, हे विसरू नको.

तुझा मामा,
बबन


मद्रास
दि. २६ डिसेंबर १९७८

ती. मामांस,
दिवाकरचा दंडवत. वि. वि.

पाटे बसवले आणि परवाच्या रविवारी गाडी पळवली. मामा, काय काम केले आहे तुम्ही! गाडी जमिनीला धरून बसते. लोक वाकून वाकून खाली पाहत होते. उजव्या वळणावर तर रुळावरून गेल्यासारखी जाते.

डाव्या वळणावर मात्र माझेच चुकते आहे. तिथे मागची बाजू एकदम बाहेर निसटते, काही कळायच्या आत. एकदा पूर्ण गिरकी घेऊन गवतात गेलो आणि पिंपाला धडकलो. मागचे मडगार्ड चेपले, माझा अंगठा मुरगळला. घाबरण्यासारखे काही नाही. सगळे म्हणतात, वळणात शिरल्यावर मी भीतीने पाय उचलतो म्हणून गाडी फिरते. मलाही तसेच वाटते. आता २१ जानेवारीला पुन्हा जमायचे आहे. या वेळी ठरवले आहे की डाव्या वळणात काही झाले तरी पाय उचलायचा नाही, उलट दाबून धरायचा. भीती मोडायची असेल तर तोच उपाय.

जंगूकाकांना सांगा, भाच्याने पट सोडलेला नाही. आशीर्वाद पाठवत राहावे, त्याला टपाल लागत नाही.

आपला,
दिवाकर


हिंगणघाट
दि. ५ जानेवारी १९७९

चि. दिवाकर यास,
आशीर्वाद. हे पत्र हातात पडेल तेव्हा बाकी सगळे सोडून आधी वाच.

तुझे पत्र सोमवारी मिळाले. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात होती. भीतीने पाय उचलणारा माणूस दोन्ही वळणांवर उचलेल. मग एकाच वळणावर काऊन? काल गिरडच्या दर्ग्याला जाऊन आलो. टेकडी चढताना बाबांच्या नावाऐवजी तोंडात डावे-उजवेच येत होते. दर्शन घेतले, पण मन तिथे नव्हते.

आज सकाळी एका टॅक्सीचे पाटे चढवत होतो. जंगूने घण उचलला आणि मी म्हणालो, उजव्याला चार सूत वर. म्हणालो आणि हात तिथेच थांबला.

दिवाकर, ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून उजवा पाटा चार सूत, म्हणजे अर्धा इंच, जास्त चढवायचा ही आपल्या दुकानाची रीत आहे. माझ्या वडिलांची. तीस वर्षे मी दुसरे काही केलेले नाही. जंगूला विचारले की भाच्याच्या पाट्यांना मी काय म्हणालो होतो. तो म्हणाला की नेहमीचंच तर म्हणलं तुम्ही, उजव्याले चढू द्या, मले काय माहीत एकसारखे करायचे होते म्हणून. तू मला स्पष्ट लिहिले होते. मी तीनदा वाचले होते. वाचले डोळ्यांनी, काम केले हाताने.

तू डावीकडे वजन नेऊन तोल आधीच साधला होता. त्यावर मी उजवी बाजू उचलून धरली. म्हणून गाडी एका बाजूला पकडते आणि दुसऱ्या बाजूला सोडते. पायाचा दोष नाही, भीतीचा नाही. तुझ्या भीतीने तुला खरे तेच सांगितले. पाय दाबून धरलास तर गाडी अजून जोरात फिरेल, आणि पुढे दर वेळी गवत असेलच असे नाही.

पाटे काढून सपाट फरशीवर ठेव, टोकापासून टोकापर्यंत दोरी ताण आणि मध्यापासून दोरीपर्यंतचे अंतर मोज. अर्धा इंच फरक निघेल. ते दुरुस्त होईपर्यंत त्या गाडीत बसू नको. तारही करतो आहे. संक्रांतीपर्यंत तुझा जबाब आला नाही तर दिलेला शब्द मोडून अक्काला सगळे सांगेन.

ऐरणीला आज फूल वाहायचे धाडस झाले नाही.

तुझा मामा


आष्टी
दि. १६ जानेवारी १९७९

चि. बबन यास,
अक्काचा आशीर्वाद.

तुही चिठ्ठी बाजाराच्या माणसाजवळून भेटली. शेजारच्या शकुबाईले बसवून दोनदा वाचून घेतली, मग तिले घरी पाठवलं अन् मीच लिहून राह्यली. अक्षर वाकडं आहे, पण समजून येईल.

तुम्ही मामा-भाचे मले काय समजता? पोरगा माहा, अन् त्याच्या गाडीचे पाटे कुठं बनले हे माह्याशिवाय साऱ्या हिंगणघाटले माहीत. रागानं दोन दिवस काही गोड लागलं नाई. तिळाचे लाडू केले ते तसेच डब्यात आहेत. तुह्यासोबत पाठवते, कारण तू जाऊन राह्यला. हो, तूच. तार पोचली, पत्र पोचलं, तरी पोट्टा बोलत नाई म्हणजे त्याच्या मनात काही आहे. कागदानं तो ऐकणार नाई.

त्याले थांबव असं मी म्हणत नाई. माहं कधी ऐकलं त्यानं? पण तुह्या हातानं वाकडं झालं ते तूच सरळ कर. अन् नाहीच ऐकला तर चार लोकांत त्याच्या पाया पड. मामा पाया पडला तर भाच्याले ऐकाच लागते.

मले एकच आहे, बबन. आल्यावर खरं ते सांगजो. माह्या जिवाले बरं वाटावं म्हणून काही सांगू नको.

अक्का


मद्रास
दि. २२ जानेवारी १९७९

ती. गं. भा. अक्कास,
बबनचा सा. न. वि. वि.

दिवाकर सुखरूप आहे. हे आधी लिहितो, मग बाकीचे.

शुक्रवारी पोचलो. तार आणि पत्र दोन्ही त्याच्या टेबलावर होती. पाटे त्याने मोजले नव्हते. मी विचारले तर मान खाली घालून म्हणाला की मामा, मले वाटलं तुम्ही मले थांबवायसाठी स्वतःवर घेऊन राह्यले. तुमचा हात चुकते हे मले खरंच वाटलं नाई. सहा वर्षे मद्रासेत राहूनही घाबरला की पोरगा आपल्यासारखाच बोलतो. अक्का, माझ्यावरच्या विश्वासापायी तो मरायला निघाला होता. तू सांगितलेला उपाय मी केला नाही. पाया पडलो असतो तर तो माझ्या मानासाठी थांबला असता, पण मोजमाप खोटेच समजला असता. म्हणून फरशीवर दोरी ताणली आणि पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने मोजले. पुन्हा मोजले. अर्धा इंच.

शनिवारी इथल्या एका म्हाताऱ्या लोहाराच्या भट्टीवर गेलो. त्याला माझी भाषा येत नाही, मला त्याची नाही. मी उजवा पाटा उतरवायला निघालो तर त्याने माझे मनगट धरले, उजवीकडे बोट दाखवले आणि हात वर नेला. त्याचीही तीच रीत! मी दोन्ही तळवे सारखे धरून दाखवले. त्याने नाही म्हणून मान हलवली. मी पुन्हा दाखवले. शेवटी तो हसला, काहीतरी बोलला. तेवढ्यात दिवाकर चहा घेऊन आला, म्हणाला की तो विचारतो आहे, तुमच्या गावात ड्रायव्हर मध्ये बसतो काय. मग म्हाताऱ्यानेच घण धरला आणि दुपारपर्यंत दोन्ही पाटे एका रेषेत आले. त्याने पैसे घेतले नाहीत, तुझे लाडू घेतले.

रविवारी मी दिवाकरला जाऊ नको असे म्हणालो नाही. म्हणावेसे वाटले, तोंडापर्यंत आले. पण पाट्यांबद्दल माझी खात्री असेल तर अडवण्याचे कारण नाही, आणि खात्री नसेल तर दुरुस्त काय केले? इतर लोक उन्हात गप्पा मारत होते, मी पिंपाजवळ उभा राहिलो. पहिला फेरा त्याने सावकाश घेतला, दुसरा थोडा जोरात. तिसऱ्याला गाडीचा आवाज बदलला आणि ती डाव्या वळणाकडे आली. डोळे मिटून बाबांचे नाव घ्यावेसे वाटले. मिटले नाहीत. माझ्या हाताचे काम होते, ते पाहणे मला भाग होते.

मागची बाजू जागची हलली नाही.

अकरा गाड्यांत त्याचा नंबर आठवा आला. त्याचाच त्याला आनंद झाला आहे, मला यातले काही कळत नाही. तो पुढेही जाणार आहे, हे तुला खरे सांगतो, कारण तू खरे मागितलेस. गुरुवारी आम्ही दोघे आष्टीला यायला निघतो. त्याच्याशी भांडायचे ते तू भांड, मी मध्ये पडणार नाही.

हे पत्र टपाल निघायच्या आत घाईत लिहिले. अक्षर त्यामुळे असे आले. वाचायला जड जाईल तिथे शकुबाईची मदत घ्यावी आणि भावावरचा राग हळूहळू उतरू द्यावा.

तुझा,
बबन