खडबड्याची कात

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (पूर्वी हा कागदावरच घालायचो, गुडघ्यांमुळे. आज खरोखर घातला, कोणाच्या आधाराशिवाय उठलो आणि मगच लिहायला बसलो. हा सगळा तुझ्या यादीचा प्रताप.) भाऊजींचा खोकला थांबला का? तुझी पाठ काय म्हणते? आणि आईच्या डोळ्यांचं काय? अजून ती आल्यागेल्याचा चेहरा हातानं चाचपूनच ओळखते का? हे मी सहज विचारत नाहीये. महिनाअखेरच्या रविवारी मी तिकडे यायचं ठरलंय, आणि मला त्या हाताची भीती वाटतेय. हसू नकोस. निदान पत्र संपेपर्यंत तरी हसू नकोस.

तुला ठाऊकच आहे, गेली सव्वीस वर्षं मी रंगाच्या कारखान्यात छटा जुळवतोय. गिऱ्हाईक एखादा तुकडा पाठवतं आणि म्हणतं, अगदी असाच रंग हवा. मग आम्ही थेंब थेंब मिसळायचं, पत्र्याच्या पट्टीला लावायचं, वाळवायचं, उत्तरेच्या खिडकीपाशी धरून बघायचं. या कामानं माणूस बिघडतो. लोकांना चेहरे दिसतात, मला छटांचे नंबर दिसतात. आमचे साहेब रागावले की एकोणीसवरून थेट बावीसवर जातात. माझा स्वतःचा चेहरा कायम सत्तेचाळीस, म्हणजे ‘ओली वाळू’, आणि पोत म्हणशील तर पुट्टी न लावलेल्या भिंतीचा. त्यात थिनरनं हात फुटलेले, मान कायम खाजणारी. म्हणून तू त्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या व्याख्यानाला जाऊन माझ्यासाठी अकरा सवयींची यादी उतरवून पाठवलीस. औषध नाही, क्रीम नाही, नुसतं रोजचं वागणं सुधारायचं. मला वाटलं, यात बिघडण्यासारखं काय आहे?

मी ती यादी अक्षरशः पाळली. (इथेच चुकलं. जगात कोणी अशा याद्या पाळत नाही, त्या स्वयंपाकघरात चिकटवायच्या असतात.) भरपूर पाणी प्यायलो, इतकं की साहेबांनी माझ्या जाण्यायेण्यासाठी दाराजवळचं टेबल दिलं. दहाच्या ठोक्याला दिवा मालवायला लागलो, त्यापायी तुझ्या भावजयीच्या मालिकेतला खून कोणी केला हे या घरात कुणालाच कळलं नाही. सकाळचं कोवळं ऊन गच्चीवर खुर्ची टाकून पंधरा मिनिटं. कढत पाणी बंद, कोमट सुरू. उग्र साबण बंद. साखर बंद. भाज्या, फळं, चालणं. अंग पुसताना चोळायचं नाही, टिपायचं. मी इतका वेळ टिपत उभा असायचो की बाहेरून दार वाजायचं. नववी सवय होती, काळजी करू नये. ती जमतेय की नाही याची मात्र मला फार काळजी लागून राहिली होती.

दीड महिन्यात खाज गेली, भेगा भरल्या. यादीच्या खाली तू आपल्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतंस, ‘एवढं कर, मग बघ कसा कात टाकतोस!’ तू आपली बोलण्याच्या ओघात लिहून गेलीस, मीही त्याच ओघात वाचलं. टाकलेली कात जाते कुठे, हे ना तू विचारलंस ना मी.

रंगाचा डबा उघडा राहिला की वर एक पातळ पापुद्रा धरतो. आम्ही त्याला साय म्हणतो आणि काडीनं उचलून टाकतो. एका सकाळी उन्हातून उठलो तर खुर्चीच्या पाठीवर तसलीच साय पडलेली. उजेडात धरली. सत्तेचाळीस नंबर, एक थेंबही इकडेतिकडे नाही. आणि तिच्यात सात खड्डे. ताई, कांजिण्यांचे. (ज्या तू शाळेतून घेऊन आलीस, आठवड्यात बरी झालीस आणि मला देऊन गेलीस.) डोळ्याखाली तीन, नाकाशी दोन, एक जबड्यावर आणि एक कानाच्या पाळीपाशी, जिथे तू नखानं खपली काढली होतीस. मी गालावरून हात फिरवला. हात घसरत हनुवटीपर्यंत गेला, मध्ये कुठेही अडखळला नाही.

ती साय फेकून द्यायला हवी होती हे मला कळतं. पण नमुना फेकायचा नाही ही सव्वीस वर्षांची सवय (ही तुझ्या यादीतली नव्हे). नमुन्याच्या रिकाम्या डब्यात ठेवली, झाकण हातोडीनं ठोकून बसवलं, वर तारीख आणि नंबर लिहिला. दुसऱ्या सकाळी झाकण बाजूला काढून ठेवलेलं, मी काढतो तसंच, तीन ठिकाणी उचकून, कुठेही न वाकवता. डबा रिकामा. आणि खुंटीवरचा माझा कारखान्याचा तपकिरी कोट गायब.

तसाच कामावर गेलो. फाटकापाशी अंगठा लावायचं यंत्र आहे, त्यानं माझा अंगठा ओळखला नाही. तीनदा लावला. अंगठ्यावरच्या रेषाच बुजल्यात म्हणे. रखवालदारानं हजेरीची यादी बघितली आणि म्हणाला, “अहो, तुम्ही आठ वाजून चार मिनिटांनीच आत गेलात की!” मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि हजेरी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. खिडकीतून डोकावलो. माझ्या टेबलावर तीन पट्ट्या वाळत होत्या, अजून ओल्या. जो निळा रंग गिऱ्हाइकानं चारदा परत पाठवला होता तो तंतोतंत जुळलेला, आणि खाली प्रमाण लिहिलेलं, माझ्या अक्षरात, माझ्यासारखी दोनदा रेघ ओढून. टेबलापाशी कोणी नव्हतं. खुर्चीवर कोट होता आणि तो कोट हळूच मान खाजवत होता. मी पुढे बघितलं नाही. खरं सांगू? क्षणभर बरंच वाटलं, फुकटची सुट्टी. मग घर येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

घरी तुझ्या भावजयीनं दार उघडलं आणि विचारलं, “कोण हवंय?” लगेच हसली, म्हणाली, गंमत केली हो. पण ताई, आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, तिची गंमत मला कळते. ही गंमत नव्हती. मग चहा देताना सांगायला लागली की आज सकाळी तुम्ही किती दिवसांनी पूर्वीसारखे बसलात, दोन चमचे साखर घेतलीत, भाजीवरून कुरकुर केलीत, बरं वाटलं. मी गच्चीवर होतो गं सकाळी.

मग मी यादी उलटी फिरवली. हात थिनरमध्ये बुडवले, साखर चमच्यांनी खाल्ली, खरखरीत टॉवेलनं गाल रगडले. काही टिकत नाही. पेन्सिलीच्या टोकानं आरशासमोर सातही खड्डे पाडले, जागेवर, मोजून. चहा उकळेपर्यंत भरून आले. म्हणून तुला विनवतो, आईला आधीच हळूहळू सांगून ठेव की याची कातडी सुधारलीय. नाहीतर ती नेहमीसारखी माझा गाल चाचपेल, एक, दोन करत सातपर्यंत मोजायला जाईल आणि ‘हा माझा खडबड्या’ म्हणायच्या आधीच तिचा हात थांबेल. तुझी भावजय चुकली ते मी सोसलं. आई चुकली तर मी कोणाकडे जाऊ?

भाऊजींना नमस्कार. आईचे पाय माझ्या वतीनं चेप.

तुझा,
(पूर्वीचा) खडबड्या

ता. क. : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात तुझं पत्र आलं. तू लिहितेस की गेल्या रविवारी मी न कळवता येऊन गेलो, अंगात कारखान्याचा कोट, दोनदा वाढून घेतलं. आईनं सात मोजले आणि कित्येक महिन्यांनी दुपारी शांत झोपली. वर मला रागावली आहेस, की एवढी यादी पाठवली, त्यातली एक तरी सवय पाळलीस का? गाल आपला तसाच! ताई, गेल्या रविवारी मी दिवसभर घरीच होतो.

ता. क. २ : वर जे काही विनवलं ते रद्द. आईला काहीही सांगू नकोस. तो पुन्हा आला तर त्याला घरात घे, साखर घाल, यादी मात्र दाखवू नकोस. उन्हात फार वेळ बसू देऊ नकोस, साय आहे, कडेनं वळायला लागेल. आईला रोज मोजू दे.

ता. क. ३ : मी येईनच, पण कामाच्या वारी, तो कारखान्यात असताना. उंबऱ्याच्या आत येणार नाही. आईनं आतून “कोण आलंय गं?” असं विचारलं तर “कोणी नाही” म्हण. पण लगेच म्हणू नकोस. तिला दोनदा विचारू दे.