कार्डावर कुणाचं नाव

१० नोव्हेंबर, सोमवार

आईचं क्रिएटिनिन पुन्हा वाढलं. डॉक्टर म्हणाले, "डायलिसिस की तैयारी रखिए." आईला हिंदी अर्धवट कळते. बाहेर येऊन म्हणते, "तयारी कसली गं? कुठे जायचंय?"

द्वारका येईपर्यंत दिल्लीच्या मेट्रोत तोंड फिरवून रडत होते. आधी बाबा, मग माझा दादा गेल्यापासून सांगलीत तिचं कुणी नाही. पेन्शन नाही. आहे ती मीच.

११ नोव्हेंबर

विम्याचा एजंट उन्मेष येऊन गेला. मराठी माणूस म्हणून मुद्दाम बोलावला, तर अर्धा तास हिंदीच झाडली! किडनीचं नाव काढताच फाइल मिटली. एक कंपनी घेईल म्हणे, पण जुन्या आजाराला पहिली तीन वर्षं दमडी नाही. सरकारी योजना आहे, ती सत्तरीच्या वरच्यांना. आई अडुसष्ट. किडनीला काय सांगू, दोन वर्षं दम धर?

१३ नोव्हेंबर

उरलं माझं सीजीएचएस कार्ड, केंद्र सरकारच्या नोकरीतलं. त्यावर बाईने आपले आईवडील घालायचे, नाहीतर सासूसासरे. दोन्ही नाहीत. आणि हा पर्याय अख्ख्या नोकरीत एकदाच बदलता येतो. सासरे गेले; माझ्या कार्डावर आता सासूबाई आहेत. एकोणऐंशी वर्षांच्या, कंपवात. दर महिन्याची औषधं, व्यायाम करवून घेणारी बाई, सगळं कार्डावर. त्यांना सत्तरीच्या योजनेत टाकता येईल, पण ती फक्त ॲडमिट झालं तर. रोजच्या गोळ्या तिच्यात नाहीत. आणि गोळ्या चुकल्या की त्यांना पेलाही धरता येत नाही.

इशिता म्हणे, "मम्मा, दोन्ही आजींना डाल दो ना कार्डमध्ये. सिंपल!"

सोळा वर्षांची घोडी झाली. काय सांगणार तिला?

१४ नोव्हेंबर

हेरंबशी भांडण. त्याच्या कंपनीने आईवडिलांचा विमा गेल्या वर्षीच बंद केला, म्हणून तो सुटला. "कार्ड तुझं आहे यार, तू ठरव."

"आणि तुझ्या आईला काढलं तर चालेल?"

"मी कसं सांगू काढ म्हणून? आई आहे ती माझी."

"आणि माझी? ती कुणाची आहे?"

बाल्कनीत जाऊन उभा राहिला. बावीस वर्षांचा राग आला. लग्न झाल्या झाल्या यानेच गोड बोलून आपल्या आईला कार्डावर बसवलं असणार. माझ्या आईचा विचारसुद्धा येऊ दिला नाही माझ्या मनात.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोघी उन्हात मटार सोलत होत्या. सासूबाईंच्या हातून दाणे सांडतात, आई वाकून वेचते. "राहू द्या हो विहीणबाई, मी करते." मला बघवेना. आत येऊन उगाच भांडी आदळली.

१८ नोव्हेंबर

दोघींपैकी एक गेली तर प्रश्न सुटेल, असं आज ऑफिसात मनात आलं. लिहून ठेवते. अशी आहे मी.

२० नोव्हेंबर

ठरलं. आईचं नाव.

सासूबाईंना मीच सांगितलं. हेरंब तेवढा वेळ आत दाढी करत होता. त्या ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "बरं." मग, "बावीस वर्षं एका घरात राहिलो. मी अजून परकीच का गं स्वरूपा?"

दुपारी त्या जेवल्या नाहीत.

आई म्हणाली, "नको गं, त्यांचं नाव काढू नकोस." पण माझा हात सोडला नाही तिने. तिला जगायचंय. का जगू नये?

२१ नोव्हेंबर

अर्ज दिला. सासूबाई अजून बोलत नाहीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

अर्ज परत आला. प्रशासनातल्या बाबूने माझी जुनी फाइल समोर ठेवली. "मॅडम, आपका ऑप्शन तो यूज हो चुका है."

नोकरीला लागले तेव्हाचा कागद, त्यावर आई-बाबांची नावं. लग्नानंतर चार महिन्यांनी दुसरा कागद: त्यांच्याऐवजी सासूसासरे घालावेत. अक्षर माझं. सही माझी. हेरंबचा कुठे संबंधच नाही. आणि मला आठवतसुद्धा नाही!

घरी आले तर आई दारातच. "झालं का गं काम?" मागे भिंतीला धरून सासूबाई उभ्या.

म्हटलं, "साहेब सुट्टीवर आहेत."