पाच पांढऱ्या बाटल्या

सोमवार, ३ तारीख

नाही, घाबरले वगैरे काही नाही. मला घाबरवायला हेडसरांना अजून दोन जन्म घ्यावे लागतील. आणि ही वही म्हणाल तर लॅबची फुटतुटीची वही आहे. कोरीच पडून होती. माझ्या हातून काही फुटत नाही. परवाचं चंचुपात्र आधीच तडकलेलं होतं.

तर झालं असं. मधल्या सुट्टीत हेडसरांनी बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. तेव्हाच ओळखायला हवं होतं. म्हणाले, नवीन मॅडम आता केमिस्ट्री टॅबवर शिकवणार, गेम खेळवून. महिनाभर बघू. मुलांना जमलं तर लॅबची खोली कॉम्प्युटरला देऊ. मावशी, तुम्ही मग ऑफिसात या, हेडक्लार्कच्या हाताखाली.

हेडक्लार्कच्या हाताखाली. जो माणूस पेनाचं टोपण दातांनी काढतो आणि तेच पेन आपल्याला सहीला देतो.

आमचे हे गेले आणि त्यांच्या जागी मला लॅबमध्ये घेतलं, त्याला अकरा वर्षं झाली. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. पण माझ्या अकरा वर्षांत प्रॅक्टिकलचा निकाल शंभर टक्के. जुने सर गेल्या वर्षी रिटायर झाले, ते नुसती सही करायचे. केमिस्ट्री कोण चालवतं, ते या खोलीच्या भिंतींना विचारा.

संकल्प: महिन्याच्या आत मॅडमना गाशा गुंडाळायला लावायचा. प्रेमानेच.

मंगळवार, ४

मॅडम पाहिल्या. माझ्या सुनेपेक्षा लहान. पायात पळायचे बूट. बरंय, उपयोगी पडतील.

वर्गाला म्हणाल्या, केमिस्ट्री म्हणजे खेळ. मी मागून म्हणाले, मग मैदानावर घ्या की, माझं झाडणं तरी वाचेल. पोरं हसली. मॅडमही हसल्या. त्यांनी हसायला नको होतं.

टॅबवर दिवा, टॅबवर परीक्षानळी, टॅबवर तार. बोटाने तार उचलायची, पांढऱ्या पुडीत बुडवायची, ज्योतीत धरायची. ज्योतीला रंग आला की पूड कसली ते ओळखायचं. बरोबर आलं की चांदण्या पडतात, चुकलं की बेडूक डरावतो. वास नाही, धूर नाही, कुणाचं बोट भाजत नाही. विहिरीचं चित्र काढून कुणाची तहान भागलीय का?

गुरुवार, ६

एक टॅब घरी आणला. मॅडमना विचारूनच. शत्रूच्या खोड्या जवळून बघाव्या लागतात. गेममधल्या चुकांची यादी करून हेडसरांच्या टेबलावर ठेवणार.

यादी:
१. वास नाही.

संध्याकाळी ७. दूध उतू गेलं. सून म्हणाली, आई, चुका सापडल्या का? मी म्हटलं, अजून तिसऱ्याच लेव्हलला आहे, मध्ये बोलू नकोस.

शनिवार, ८

माझी पद्धत एकदा लिहून ठेवते. माझ्यामागे कुणाला तरी उपयोग होईल.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत प्रत्येक पोराला कागदाच्या पुडीत पांढरी पूड मिळते. ती कोणता क्षार, हे त्याने तार ज्योतीत धरून शोधायचं. बाटल्या पाच, पाचही पांढऱ्या. पुड्या मीच बांधते, तेव्हा कुणाला काय मिळालं ते मला पाठ. मग मी टेबलांमधून फिरते. खोकले तर कॅल्शियम. नाक खाजवलं तर बेरियम. घड्याळ बघितलं तर स्ट्रॉन्शियम. जांभई, पोटॅशियम. नुसतीच पुढे गेले, सोडियम. याला कॉपी म्हणत नाहीत. पोरं घाबरलेली असतात, त्यांना धीर द्यावा लागतो. मी तो नावानिशी देते.

आज टॅबवर टेस्ट होती. त्यात कुणाला कोणता क्षार द्यायचा ते गेमच ठरवतो, प्रत्येकाला वेगळा. मला काय कळणार? तरी अंदाजाने खोकले. तिघांनी पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या. एकाने त्याच्या डॉक्टरचं नाव सांगितलं.

पोरांना चांदण्या पडल्या. माझ्याशिवाय. योगायोग असणार.

सोमवार, १०

गेम उर्मट आहे. अ‍ॅसिड पातळ करायचं होतं. मी अ‍ॅसिड घेतलं आणि त्यात पाणी ओतलं. याने फाट्‌दिशी भांडं फोडलं, वर बेडूक. म्हणे अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही. मी अकरा वर्षं उलटंच करत आलेय, काही झालेलं नाही. एप्रनला भोकं आहेत, ती कसरीची. मनगटावरचा डाग जुना आहे.

यादीत टाकलं: २. बेडूक.

मंगळवार, ११

लेव्हल नऊ. माझ्यापुढे शाळेत फक्त एकच जण, ती ढापणी. नववीतली, एवढासा चेहरा आणि त्यावर खिडकीएवढा चष्मा. नाव मीच ठेवलंय. ती पण मला चिडवते, मावशी, तुमचं लेव्हल कितवं? मी म्हटलं, मी चुका शोधतेय. ती म्हणाली, मी पण, माझ्याच.

पोरगी आगाऊ आहे. पण विज्ञान शिबिराला शाळेतून एकच मूल जाणार, ते बहुतेक हीच.

गुरुवार, १३

ढापणी मधल्या सुट्टीत लॅबमध्ये आली. प्रश्न दोन.

एक: गेममध्ये प्रत्येक क्षाराची ज्योत वेगळ्या रंगाची, आपल्या लॅबमध्ये सगळ्याच पिवळ्या का?

मी म्हटलं, इथला गॅस पिवळा आहे.

ती म्हणाली, गेममध्ये आधी तार अ‍ॅसिडमध्ये बुडवून तापवायला लावतात, ज्योतीला काहीच रंग येईनासा होईपर्यंत. नाहीतर जुना मळ पिवळा दिसतो. ही तार कधी साफ केली होती?

तार प्लॅटिनमची आहे. महागाची वस्तू रोज घासतात का कुणी?

दोन: कॅल्शियमची पूड हवेतलं पाणी ओढते, ओली होते, असं गेम सांगतो. मग आपली कॅल्शियमची बाटली खडखडीत कोरडी आणि बेरियमची ओली का?

मी म्हटलं, घंटा झाली, पळ. घंटा झाली नव्हती.

शुक्रवार, १४

आज लिहिण्यासारखं काही नाही. लॅब झाडली.

सोमवार, १७

मोठी बातमी. येत्या शुक्रवारी पालकांसमोर परीक्षा. गेमवर शिकलेली तीन मुलं खऱ्या लॅबमध्ये, खऱ्या गॅसवर क्षार ओळखणार. पुड्या हेडसर स्वतः बांधणार, माझा हात लागू द्यायचा नाही. कल्पना मॅडमची.

नंतर मॅडम माझ्याकडे आल्या. स्टुलावर बसल्या, माझाच चहा प्यायल्या. म्हणाल्या, मावशी, मला ही लॅब बंद होऊ द्यायची नाहीये. गेम सरावापुरता. पोरांनी आधी तिथे चुकावं, मग इथे येऊन हाताने करावं. शुक्रवारी मुलांना जमलं, तर हेडसरांना मी सांगणार आहे की दोन्ही लागतं, खोलीला हात लावू नका. आपण दोघी एकाच बाजूला आहोत.

गोड बोलणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. लॅब माझी, आणि ती वाचवणार या? मग उद्या शाळा म्हणेल, मॅडमनी वाचवली. तसली वाचलेली लॅब मला नको.

मी अजून कामाची आहे, हेच शुक्रवारी हेडसरांना दाखवायचं. तार मळकी असो नाहीतर उजळ, जिंकणार मीच. कसं, ते लिहीत नाही.

बुधवार, १९

तयारी. टेबलं पुसली. बर्नर पाहिला. बाटल्यांवरची धूळ झटकली. लेबलं सगळी घट्ट आहेत.

सून म्हणाली, आई, तुम्ही परीक्षेला बसल्यासारख्या काय फिरताय? तिला म्हटलं, परीक्षा मॅडमची आहे. लेव्हल तेरा. अर्थात चुका शोधायलाच.

शुक्रवार, २१

जिंकले.

सविस्तर लिहिते. पालक तीसेक. हेडसरांनी बाटल्यांवरची नावं वाचून पुड्या बांधल्या आणि नावं चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवली. पहिल्या दोन मुलांनी तार न घासताच धरली, घाई. ज्योत पिवळी. दोघांनी सोडियम सांगितलं. दोन्ही चूक.

मग ढापणी. हिने अ‍ॅसिड मागितलं. तार बुडवली, तापवली, बुडवली, तापवली. एक पालक जांभया देत होते, सवयीने मला वाटलं पोटॅशियम. मग पहिली पुडी. ज्योत हिरवी झाली, कैरीसारखी. ती म्हणाली बेरियम. दुसरी पुडी, ज्योत विटकरी. म्हणाली कॅल्शियम. आवाज अगदी शांत, चष्मासुद्धा वर सरकवला नाही.

हेडसरांनी चिठ्ठी काढली. पहिलीत कॅल्शियम होतं, दुसरीत बेरियम. म्हणाले, बरोब्बर उलटं. म्हणजे गेम मुलांना उलटं शिकवतो. मॅडम काही बोलायला गेल्या, तर म्हणाले, अकरा वर्षं या लॅबचा निकाल शंभर टक्के आहे, आणि तुमच्या टॅबने तीन आठवड्यांत शून्यावर आणला. पालकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी, असं धरायला हरकत नाही. टॅब सोमवारी परत जाणार. लॅब राहणार. शिबिरासाठी दुसरं नाव बघणार.

सगळे गेल्यावर ढापणी तिथेच उभी. मला म्हणाली,

"मावशी, तुम्ही माझ्या शेजारी होतात. ज्योत हिरवीच होती ना?"

मी म्हणाले, "पिवळी होती."

तिने मान हलवली आणि दप्तर उचललं.

शनिवार, २२

विजयाचा पहिला दिवस. किल्ली कमरेला. लॅब झाडली, चार वेळा. टॅब कपाटात ठेवला. चौदावं लेव्हल अर्धं राहिलंय, राहू दे.

सोमवार, २४

ढापणी शाळेत नाही. तिच्या मैत्रिणीला सहज विचारलं. ती म्हणाली, तिचे बाबा तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलेत. रंग नीट दिसतात की नाही ते बघायला. तिनेच हट्ट धरला. म्हणते, मला जे हिरवं दिसलं ते मावशींना पिवळं दिसलं, म्हणजे माझेच डोळे खराब असणार. दहावीनंतर विज्ञान घेणार नाही म्हणते.

डॉक्टर सांगतील की डोळे चांगले आहेत. मग झालं की.

दुपारी डबा खाल्ला नाही. उन्हाने असेल.

सून म्हणाली, आई, आज गेम नाही का? मी म्हटलं, मला काय करायचाय गेम, मी जिंकले ना. ती म्हणाली, जिंकलेलं माणूस असं भिंतीकडे बघत नाही.

मंगळवार, २५

हेडसरांकडे गेले. या वेळी खुर्ची दिली नाही तरी बसले.

सांगितलं की पोरगी बरोबर होती, बाटल्यांवरची नावं चूक आहेत. माझं पहिलंच वर्ष होतं. लॅब चकचकीत दिसावी म्हणून बाटल्या साबणाच्या पाण्यात घातल्या आणि लेबलं सुटून वर तरंगायला लागली. पुड्या सगळ्या पांढऱ्या. एकीत मीठ, ते चाखून ओळखलं. बाकी चार लेबलं अंदाजाने चिकटवली. गेममध्ये कवटीचं चित्र आहे, बेरियम विष असतं म्हणे. नशीब, मीठ पहिल्याच बाटलीत निघालं.

हेडसर हसले. म्हणाले, मावशी, तुमचं मन मोठं आहे, पोरीसाठी स्वतःवर आळ घेताय. पण चुकीच्या बाटल्यांवर अकरा वर्षं शंभर टक्के निकाल कसा लागेल?

मग काय करणार? उभी राहिले आणि त्यांच्यासमोर खोकले. नाक खाजवलं. घड्याळ बघितलं. जांभई दिली. प्रत्येकाचा अर्थ सांगितला. पोरं माझ्याकडे बघून लिहायची, जुने सर बाटलीचं नाव बघून मार्क द्यायचे, ज्योतीकडे कुणीच बघत नव्हतं. हेडसर हसायचे थांबले.

मॅडमना बोलावलं. त्यांनी तार उजळ केली आणि पाचही बाटल्या तपासल्या. मिठाची सोडून चारही चुकीच्या निघाल्या. हेडसरांनी ढापणीच्या घरी फोन केला, तिची माफी मागितली. शिबिराला तीच जाणार. टॅब राहणार, लॅबही राहणार. किल्ली मॅडमकडे. मी उद्यापासून ऑफिसात.

निघताना मॅडमनी माझा हात धरला. म्हणाल्या, अकरा वर्षांपूर्वीची चूक, तेव्हा तुम्ही नवीन, घरात एवढं दुःख. इतक्या वर्षांत तुम्हाला तरी कुठे कळलं होतं? आणि कळल्याबरोबर सांगितलंत. याला हिंमत लागते, मावशी.

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, भरून आलं.

चौदा तारखेच्या त्या शुक्रवारी मी लॅब झाडली नव्हती. आतून कडी लावली होती. गेमने शिकवलं तशी तार उजळ केली आणि एकेका बाटलीतली पूड ज्योतीत धरली, मीठ सगळ्यांत शेवटी. हिरवी ज्योत ढापणीच्या आधी आठवडाभर मी पाहिली. कुठल्या बाटलीत काय, सगळं मला कळलं होतं. डिंक कपाटात होता. लेबलं बदलायला दहा मिनिटं लागली असती.

बदलली नाहीत. मला मॅडमना हरवायचं होतं.