पळताना येणारी चक्कर

प्रिय जोहरा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. दिवाळीआधी छावणीत तुझ्या घरी येऊन गेले. अम्मी म्हणाल्या, “सो रही है बेटा.” आतल्या खोलीतला पंखा तेवढ्यात बंद झालेला मला ऐकू आला. चहा घेतला, अम्मींच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि क्रांती चौकाची रिक्षा धरली. तू शाळेतली नोकरी सोडून शिवणकाम करतेस, एवढं त्यांच्याकडूनच कळलं.

शेंद्र्याच्या शाळेत माझं बरं चाललंय. मैदान म्हणजे निम्मा मुरूम, निम्मे दगड. गणिताचे सर अजूनही माझा खेळाचा तास मागतात. मी देत नाही. मुलींशी पाळी, रक्त कमी असणं, सगळं वर्गात बोलते. आधी माना खाली घालून बसायच्या, आता प्रश्न विचारतात. त्यात सातवीतली सायली सगळ्यात पुढं. आई नाही तिला. वडील कंपनीत कामाला, सांभाळते ती आजी, चतुराबाई. खो-खोत ही पोर एकदा सुटली की कुणाच्या हाती लागायची नाही.

सप्टेंबरात सरावाला पळता पळता ती कोसळली. क्षणभरच. लगेच उठून हसली, “काय नाय मॅडम, ऊन लागलं.” मुख्याध्यापक म्हणाले, ग्लुकोज पाजा, तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर आल्यात. मला मात्र तू आठवलीस. तुझा विद्यार्थी शिवम तुझ्या मैदानावर पळताना कोसळून वारला, पुढं चौकशीत तुझा दोष नाही असं ठरलं, त्या संध्याकाळी तू एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होतीस. प्रार्थनेला उभं राहून चक्कर येणारं मूल वेगळं आणि पळताना मध्येच पडणारं मूल वेगळं, त्याचं हृदय तपासायलाच हवं. शिवम आधी एकदा तसाच पडला होता, आणि हा फरक आपल्याला कुणी शिकवलाच नव्हता.

मी सायलीला संघातून काढलं. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. चतुराबाई शाळेत येऊन भांडल्या, “माझ्या नातीला कायबी झालेलं नाय. हृदयाचं दुखणं म्हणून नाव पडलं तर उद्या तिला करून कोण घेईल?” मी म्हटलं, आजी, एकदा तपासून आणू, काही निघालं नाही तर सगळ्यांसमोर तुमची माफी मागते. वडिलांनी रजा काढली. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. पुढच्या तपासणीत निघालं, हृदयाची एक झडप जन्मापासूनच अरुंद आहे. “स्पर्धेत पळाली असती तर...” एवढं म्हणून ते थांबले. चतुराबाईंनी माझा दंड धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी रक्तवाहिनीतून बारीक फुगा घालून झडप रुंद केली. सायली आता शाळेत येते, चालते. पळायला अजून परवानगी नाही. माझ्यावरचा राग पुरता गेलेला नाही. जाईल तेव्हा जाईल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा चतुराबाईंनी विचारलं, “मॅडम, तुमाला कसं कळलं हो?” मी तुझं नाव सांगितलं. शिवमचंही सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी पदर तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, “माझी पोर वाचली, हे त्या बाईंना कुणी सांगितलं का?” येत्या शनिवारी शाळा सुटली की त्या, सायली आणि मी तुझ्याकडे येतोय. तुला न विचारता ठरवलंय. रागाव हवं तर. आमच्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. फक्त बाहेर येऊन सायलीला एकदा डोळे भरून बघ.

शनिवारपर्यंत आणि नंतरही तुझीच,
सुरेखा