गणपतीच्या पायाशी पासपोर्ट

चिपळूण, ८ जून २०२५

ती. समीक्षाताईस,
शि. सा. न.

आज लिहितो, उद्या लिहितो करत दोन महिने ढकलले. तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून शेवटी कागद घेतला. इथे एका गॅरेजवर आहे. मालकाचा कोंबडा आहे, येडा फक्त दुपारी आरवतो. असो, कुठे चाललेलो मी?

हां, त्या दिवशी चूक माझ्या एकट्याची नव्हती. उत्तमदाजी कारखाना सोडून मस्कतला नोकरीला निघालेले. त्यांना विमानतळावर उतरवायचं आणि गाडी लगेच काढायची, एवढंच माझं काम. पण तुझ्या सासूबाईंना तिथेच दारात ओवाळायचं होतं. पासपोर्टपण त्यांनीच कमलेशमामांच्या गाडीतल्या गणपतीच्या पायाशी ठेवायला लावलेला, अगदी शेवटी उचलायचा म्हणे. वाऱ्याने निरांजन विझलं, मला काडीपेटीला पिटाळलं. मी गाडी लॉक करून गेलो. वाटेत एक माणूस पोपटाचा पिंजरा घेऊन गार्डशी भांडत होता, ते बघत राहिलो. येऊन बघतो तर गाडी उचलून नेलेली, पासपोर्टसकट! दंड भरून सोडवेपर्यंत विमान गेलं. सासूबाई सगळ्यांदेखत मला पनवती म्हणाल्या, ते मी विसरलो. तूपण विसर.

आता आनंदाची बातमी. मस्कतला परत एक माणूस हवाय. एजंट राघो पाटलांनी दाजींना विचारायला सांगितलेलं. मी म्हटलं, ते आता तयार नाहीत, मी जातो. दाजींना तसंही ऊन सोसत नाही. माझा पासपोर्ट तुझ्या तांदळाच्या डब्यात आहे, तेवढा पाटलांकडे पोचव. तिकडून तुला अत्तर पाठवीन.

लोभ थोडा उरला असेल तर राहू दे.

तुझा,
सुदेश

दिवा, १४ जून २०२५

चि. सुदेश यास,
अ. उ. आ.

पत्र पावलं. आमचे हे रोज वागळे इस्टेटला जुन्या कारखान्याच्या गेटवर जाऊन उभे राहतात. यांच्या जागी घेतलेल्या पोराने परवा यांना चहा पाजला. सासूबाई माझ्या ताटाकडे बघून म्हणतात, भावाने नोकरी खाल्ली, आता बहीण भाकरी खातेय. तुझं अत्तर आलं की त्यांनाच लावीन.

तुझा पासपोर्ट डब्यातून काढला, पदराने पुसला. पण परदेशी निघालेल्याचा पासपोर्ट देवाच्या पायाला न लावता कसा द्यायचा? कमलेशमामा त्याच दिवशी गाडी घेऊन तीर्थयात्रेला निघालेले. त्याच गणपतीच्या पायाशी ठेवला, वर फूल वाहिलं. मीच ओवाळलं. या वेळी निरांजन विझलं नाही. मामा महिन्याने येतील, यात्रेत ते फोन बंद ठेवतात. दंडाची काळजी नको, गाडी कुठे थांबवायची ते मामांना कळतं.

राघो पाटलांना मी कळवलं की तू आता तयार नाहीस.

माया आटली असं समजू नकोस, तुझ्याकडूनच शिकतेय. आता पेन ठेवते. बोलावलं नव्हतं तरी राघो पाटील स्वतः जिने चढून आलेत, घाम पुसत यांचा पासपोर्ट मागतायत. तो माझ्या कमरेला बांधलेला आहे.

तुझी,
समीक्षाताई